पिवळ्या जर्सीचं बोलावणं

लिंदोमारचं नाव आलं तेव्हा झोराइदे भातावर झाकण ठेवत होती.

टीव्ही बाहेरच्या खोलीत होता, आवाज मुद्दाम मोठा केलेला. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक यादी वाचत होते. गोलरक्षक झाले, बचावाचे झाले. मधल्या फळीची नावं सुरू झाली तशी बाहेर इतकी शांतता पसरली, की पंख्याची खरखर स्वयंपाकघरापर्यंत यायला लागली. या घटकेला झोराइदे दर वेळी हातात काहीतरी काम घ्यायची. नाव यायचं नाही, सगळे एकमेकांकडे न बघता उठायचे, कोणीतरी टीव्ही बंद करायचं आणि ती ताटं मांडायला घ्यायची. इतक्या वर्षांत तिच्या हातांना ते पाठ झालं होतं.

"लिंदोमार, प्लोव्हदिव," प्रशिक्षक म्हणाले, आणि पुढच्या नावाकडे वळले.

पुढचं नाव कोणाच्याच कानात शिरलं नाही. खुर्ची पडली. झोराइदेची लेक रोझिल्दा किंचाळली. झोराइदेचा धाकटा भाऊ वाल्मीर एका उडीत दारात गेला आणि साऱ्या कोरुंबा गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने रस्त्यावर बातमी दिली. त्याने आणून ठेवलेल्या फटाक्यांना कोणीतरी काडी लावली. समोरच्या गल्लीतूनही धडाधड आवाज सुरू झाले, खाली बंदरावर एका बोटीने भोंगा दिला, आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या.

झोराइदे झाकण हातात घेऊनच बाहेर आली. तिचे वडील आल्तामीरो आपल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. शिंगाचा पेला ओठांपाशी नेता नेता त्यांचा हात मध्येच थांबला होता, आणि त्यातलं तेरेरे, बर्फाच्या पाण्यातलं पाल्याचं पेय, त्यांच्या पँटवर ठिबकत होतं. त्यांना त्याचं भान नव्हतं. ऐंशीच्या घरातला तो माणूस टीव्हीकडे असा बघत होता, जणू टीव्ही अजून काही बोलेल आणि दिलेलं परत घेईल.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी सांडतंय."

"सांडू दे," ते म्हणाले.

मग तिने लेकाकडे पाहिलं. लिंदोमार स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा होता. आतापर्यंत तो तिच्यासाठी पाकू माशावर लिंबं पिळत होता, त्याच्या बोटांवरून रस ओघळत होता. त्याच्या तोंडावर रंग म्हणून नव्हता. झोराइदेने हा चेहरा याआधी एकदाच पाहिला होता. नदीवर बोट उलटली आणि त्याचे वडील परत आले नाहीत, हे त्याला शाळेच्या फाटकापाशी सांगितलं तेव्हा.

आनंदानेही माणूस असा होतो, असं तिने स्वतःला समजावलं.

वाल्मीरने भाच्याला उचलायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही, म्हणून त्याच्या पाठीवर दणके देत राहिला. "बघितलंत बाबा? पंधरा वर्षांचा होता तेव्हा साओ पावलोला नेला मी याला. तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. आज सांगा, कोण बरोबर होतं?"

"आज नको," आल्तामीरो म्हणाले. "आज तूच बरोबर. उद्या बघू."

बापलेकांत इतकी वर्षं साधा रामराम नव्हता, आणि आज दोघंही हसत होते. झोराइदेला वाटलं, एवढ्यासाठी तरी ही यादी आली हे बरं झालं.

तेवढ्यात लिंदोमार काहीतरी बोलला. बाहेर फटाक्यांची माळ लागली होती, कोणालाच ऐकू आलं नाही. त्याला पुन्हा बोलावं लागलं.

"मी जाणार नाहीये."

"कुठे?" वाल्मीर अजून हसत होता. "रस्त्यावर? अरे, लोक थांबलेत. निदान हात तरी हलवून ये."

"संघात. मी राष्ट्रीय संघात जाणार नाहीये, मामा."

वाल्मीरचा हात त्याच्या पाठीवरच राहिला. बाहेर माळ संपली, आणि नेमक्या त्या शांततेत रस्त्यावरून पोरींच्या टोळीने "लिंदो, लिंदो" असा ठेका धरला.

रोझिल्दाने उठून खिडकी लावून घेतली.

तो घरी आला होता तोच मुळी न सांगता. मोसम अर्धवट असताना, बायको मिलेनाला आणि मुलीला मागे ठेवून, एक पाठीवरची पिशवी घेऊन दारात उभा. झोराइदेने विचारलं तेव्हा म्हणाला, "सगळे एकदा जमले की सांगतो." तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. मिलेनाशी काही बिनसलं असेल, गुडघा पुन्हा गेला असेल, डॉक्टरांनी काही भलतंच सांगितलं असेल, असं सगळं तिने मनातल्या मनात भोगून घेतलं होतं. हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं. येईल तरी कसं?

या घरात पिवळ्या जर्सीचं बोलावणं एकदाच आलं होतं, आणि ते आल्तामीरोंना. रेल्वे कामगारांच्या संघात ते मधल्या फळीत खेळायचे. बोलावणं आलं तेव्हा कामगारांच्या बँडने वाजतगाजत त्यांना गाडीत बसवलं होतं. बाउरूच्या स्टेशनवर एक माणूस डब्यात चढला आणि त्याने निरोप दिला: ज्याने आधी नकार दिला होता तो खेळाडू आता येतो म्हणतोय, तेव्हा तुम्ही इथूनच परत जा. आल्तामीरो परतीच्या गाडीत बसले, गावाच्या अलीकडच्या स्टेशनवर उतरले आणि बँडवाल्यांना दिसू नये म्हणून रुळांच्या कडेकडेने चालत घरी आले. झोराइदे तेव्हा पाळण्यात होती. पण ती वाट आपणही चाललोय असं तिला वाटायचं, इतक्यांदा तिने ती ऐकली होती.

लिंदोमार त्याच रेल्वे क्लबच्या मातीच्या मैदानावर शिकला. आजोबा कडेला उभे राहून एकच गोष्ट सांगायचे: चेंडू मिळाला की मान वर, आणि पुढे. साओ पावलोच्या मोठ्या क्लबने त्याच्या खांद्यांची रुंदी बघितली आणि त्याला बचावाच्या पुढ्यात उभं केलं. समोरच्याचा चेंडू काढायचा, शेजारच्याला द्यायचा, बाकी काही नाही. आजोबा इथे टीव्हीसमोर ओरडायचे, "अरे, सोडा त्याला." कोणी सोडलं नाही. पुढे त्याला राखीव बाकावर बसवलं, या क्लबकडून त्या क्लबकडे उसना धाडला, मग पोर्तुगालमधल्या एका कायम ओल्या गावात पाठवला, आणि तिथूनही कोणी ठेवून घेईना तेव्हा बल्गेरियात, प्लोव्हदिवला. तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात त्याला पुढे ढकललं. आणि लिंदोमार खेळायला लागला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, नकाशात शोधावं लागलं अशा गावात, झोराइदेचा मुलगा त्याच्या आजोबांसारखा खेळायला लागला.

"मी तिथलं नागरिकत्व घेतलंय," लिंदोमार आता सांगत होता. तो अजून चौकटीतच उभा होता, हात पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं. "गेल्या महिन्यात शपथ झाली. त्यांच्या राष्ट्रीय संघासाठी मी हो म्हटलंय. पुढच्या आठवड्यात ते जाहीर करतील. मी आधी येऊन तुम्हाला सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?" रोझिल्दाने विचारलं. "आल्या दिवशी नाही, काल नाही. आज सकाळी भिंत रंगवताना मी शिडीवर होते आणि तू खाली शिडी धरून उभा होतास. तेव्हा काय झालं होतं तोंडाला?"

"म्हटलं, यादी होऊन जाऊ दे. नाव येणार नाही, तुम्ही सगळे नेहमीसारखे गप्प व्हाल, तेव्हा सांगू. म्हणजे कोणाला फार लागणार नाही."

"म्हणजे तू नाव न येण्याची वाट बघत होतास."

"कधी आलंय का ताई? एकदा तरी?" त्याचा आवाज फाटला. "मला काय माहीत आज येईल. महिन्यापूर्वी यांनी साधा फोन जरी केला असता ना, तरी अनवाणी पळत आलो असतो."

झोराइदे हातातलं झाकण टेबलावर ठेवायला गेली. ते खाली पडलं, फरशीवर गरगर फिरलं आणि थांबलं. सगळ्यांनी ते थांबेपर्यंत बघितलं.

वाल्मीर सगळ्यात आधी सावरला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाला समजवावं तसा तो लिंदोमारच्या समोर खुर्ची ओढून बसला. "नीट ऐक. तू त्यांच्यासाठी मैदानात उतरलायस का? एखादा अधिकृत सामना?"

"नाही."

"मग मिटलं. नियम मला माहीत आहेत, मी तुझी सगळी कामं बघितलीत. सामना खेळला नाहीस तोवर तू आमचाच. शपथ काय, घेतली तशी सोडली. त्यांना सांग, आजोबा आजारी आहेत."

"मी आजारी नाही," आल्तामीरो म्हणाले.

"बाबा, मी उदाहरण देतोय."

"दुसरं दे."

एरवी यावर हशा पिकला असता. लिंदोमारने मान हलवली. "मामा, मी शब्द दिलाय. गुडघा गेला तेव्हा दीड मोसम मी कुबड्यांवर होतो. इथल्या एका माणसाने विचारलं नाही. तिथे मिलेनाची आई रोज जिना चढून सूप आणायची, आणि तेव्हा मिलेनाचं माझं काही ठरलेलंसुद्धा नव्हतं. प्रशिक्षक म्हणायचे, तुझी जागा तशीच आहे. त्यांनी खरंच तशीच ठेवली."

"इथल्या एका माणसाने विचारलं नाही?" रोझिल्दा उभी राहिली. "आईने त्या गुडघ्यासाठी नवस केला, उन्हातून अनवाणी चालत गेली टेकडीवरच्या देवळात. ती कोण? बल्गेरियन?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोयस. परक्या बाईचं सूप लक्षात राहिलं. आता त्यांचं राष्ट्रगीत म्हणशील, आणि समोर आपला संघ असला तर? आम्ही कोणाकडून ओरडायचं? माझ्या पोरांनी शाळेत काय सांगायचं?"

झोराइदेला वाटलं आपण मध्ये पडावं, पण कोणाच्या बाजूने ते तिला कळेना. तिच्या आयुष्यात घरातला कुठलाही वाद बाबांच्या एका वाक्यावर संपायचा, आणि ते वाक्य तिला नेहमी पटायचं. म्हणून ती त्यांच्याकडे बघायला लागली.

टीव्हीवर प्रशिक्षकांना कोणीतरी विचारत होतं, हा लिंदोमार कोण, आणि का. प्रशिक्षक म्हणाले, नेहमीचा माणूस जखमी आहे, बचावाच्या पुढे उभा राहणारा, जागा न सोडणारा कोणीतरी हवा होता.

"ऐकलंत ना आजोबा," लिंदोमार म्हणाला. "कुठे उभं करणार आहेत ते. पुन्हा तिथेच."

"ऐकलं," आल्तामीरो म्हणाले. त्यांनी पेला खाली ठेवला. "मग? तिथे उभं राहायचं. गोलचा खांब धरून उभा राहा म्हणाले तरी उभं राहायचं."

"तुम्हीच म्हणायचात, या देशात एकालाही दिसलं नाही मी कुठे खेळायला हवा ते. तिथल्यांना दिसलं."

"दिसलं. उपकार झाले त्यांचे. क्लबात खेळ त्यांच्या, मरेपर्यंत खेळ. हे वेगळं आहे."

"आजोबा, माझ्यासाठी त्यांनी एकाला वगळलंय. क्रासिमीर नाव त्याचं. माझ्या शेजारच्या कपाटात त्याचे बूट असतात. मी स्वतः त्याच्या घरी गेलो, त्याच्या वडिलांसमोर सांगितलं, की तुझ्या जागी मला घेतायत. तो उठला, मला ग्लास भरून दिला आणि म्हणाला, नीट खेळ. आता मी काय सांगू त्याला? माझं मन बदललं, तू ये? आणि पुन्हा बदललं तर?" लिंदोमार थांबला. पुढचं बोलावं की नाही हे तो ठरवतोय हे झोराइदेला दिसलं, आणि तो बोलणार हेही. "बाउरूच्या स्टेशनवर तुमचं काय झालं ते मला तुम्ही पाळण्यातल्या गाण्यासारखं ऐकवलंय. ज्याने मन बदललं त्या माणसाचं नाव निघालं की तुमचे ओठ अजून पांढरे पडतात. मी तो माणूस होऊ का?"

ही गोष्ट या घरात फक्त आल्तामीरो सांगायचे. बाकीच्यांनी ऐकायची असायची.

म्हाताऱ्याने आपल्या ओल्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग त्याने सावकाश डोक्यावरची टोपी काढली.

"तो माणूस बरोबर होता," आल्तामीरो म्हणाले.

झोराइदेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"जन्मभर मी त्याला शिव्या घातल्या. पण तो बरोबर होता. आधी नाही म्हणाला, मग त्याला झोप लागली नसेल, उठला आणि गेला. देशाने बोलावलं तर माणूस जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन जातो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं आणि मागे वळून बघितलं नसतं." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "मी काय दिलं नसतं लिंदोमार, ते तुला माहीत नाही. एक पाय दिला असता. आणि तू मला क्रासिमीर सांगतोस."

नेमका तेव्हा फोन वाजला.

फोन वाल्मीरच्या खिशात होता. लिंदोमारचं सगळं आधीपासून वाल्मीरच्या नंबरावर चालायचं. त्याने पडद्यावर बघितलं, ताडकन उठला, शर्ट खाली ओढला. "हो साहेब. मामा बोलतोय त्याचा. हो, बघितलं ना, सगळं घर रडतंय आनंदाने." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "येतोय तर, येतोय म्हणजे काय. आज निघ म्हणालात तर आज निघेल. तुम्ही फक्त तिकीट कुठून ते सांगा."

लिंदोमार एक पाऊल पुढे आला आणि थांबला. त्याचं तोंड उघडं होतं. झोराइदेने पाहिलं, की तो थांबलाय. तिला वाटलं, हा आता गप्प राहील. मामाने हो म्हटलं, आजोबांना हवं होतं, बहिणीला हवं होतं, बाहेर गाव थांबलंय. गप्प राहणं इतकं सोपं होतं. कदाचित त्यालाही हेच हवं असेल, कोणीतरी आपल्यासाठी हो म्हणावं.

आणि मग उरलेलं आयुष्य तो म्हणेल, की मी काही ठरवलं नव्हतं.

तिने जाऊन भावाच्या हातातून फोन काढून घेतला. वाल्मीर इतका चकित झाला की त्याने तो सोडला. झोराइदेने आजवर घरात कोणाच्या हातातून चमचासुद्धा ओढून घेतला नव्हता.

"नमस्कार साहेब," ती फोनमध्ये म्हणाली. ती ज्या शाळेत जेवण वाढायची, तिथे मुलांना रांगेत उभं करतानाचा तिचा आवाज होता. "मी लिंदोमारची आई. त्याच्या वतीने कोणी काही बोललं असेल तर ते धरू नका. तो इथेच आहे. त्याच्याशी बोला."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. लिंदोमारने तो घेतला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मागच्या अंगणात निघून गेला.

"ताई, तू काय केलंस हे?" वाल्मीर म्हणाला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

खिडकीतून अंगणातलं आंब्याचं झाड दिसत होतं. लिंदोमार त्याच्या सावलीत फिरत होता. त्याचे शब्द आत येत नव्हते. आधी तो नुसता मान हलवत होता. मग त्याने कपाळावर हात ठेवला. मग तो खाली बसला, आंब्याच्या मुळावर, आणि बराच वेळ फक्त ऐकत राहिला. संघाकडचा माणूस खूप बोलत असावा. एकदा लिंदोमार हसला. झोराइदेला वाटलं, झालं, हो म्हणाला. तिच्या शेजारी येऊन रोझिल्दा उभी होती आणि तिने आईचा दंड घट्ट धरला होता. तिलाही तेच वाटलं असणार. पण दोघींपैकी कोणालाच आनंद झाला नाही, हे झोराइदेच्या लक्षात आलं.

तो आत आला आणि त्याने फोन मामाच्या हातात दिला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"की मला हे ऐकून किती बरं वाटलं. आणि मी येऊ शकत नाही. ते म्हणाले, हे दार पुन्हा उघडत नाही, तुला कळतंय ना. म्हटलं, कळतंय."

"हसलास कशाला मग?" रोझिल्दाने विचारलं.

"त्यांनी विचारलं, तुझी आई नेहमीच अशी बोलते का."

वाल्मीर फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला, जणू त्यातून अजून काही निघेल.

बाहेरचा ठेका आता मोठा झाला होता. बंदरावरून लोक आले होते, रेल्वे क्लबचा ढोल आला होता, स्थानिक रेडिओचा निवेदक फाटकावर वाकून हाका मारत होता. कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं.

"मी नाही जाणार," वाल्मीर म्हणाला. "त्यांना इथे मी बोलावलंय. एकेकाच्या दुकानात जाऊन. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मीच जातो मामा."

झोराइदे त्याच्याबरोबर गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती गेली इतकंच. ऊन डोळ्यांवर आलं. त्याला बघून जो आवाज उठला तो तिला छातीत जाणवला. लिंदोमारने हात वर केला, गप्प बसा म्हणून. लोकांना वाटलं तो अभिवादन करतोय; ते आणखी ओरडले. दुसऱ्यांदा हात वर करावा लागला.

मग त्याने सांगितलं. मोजक्या शब्दांत, घरात सांगितलं तसंच, फक्त कुबड्या आणि सूप वगळून.

ढोलवाल्याला पुढचं ऐकू गेलं नव्हतं, तो एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला. कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तोही थांबला. लोक रागावले नाहीत, लगेच तरी नाही. ते एकमेकांना विचारत होते, काय म्हणाला, काय म्हणाला, आणि ज्याला कळलं तो बोलायचं थांबत होता. मासे विकणारा झेफेरीनो अगदी पुढे होता. लिंदोमार दहा वर्षांचा असताना त्याला पहिले बूट त्यानेच दिले होते. त्याच्या अंगात रेल्वे क्लबची जुनी जर्सी होती, पाठीवर लिंदोमारचं नाव. त्याने ती डोक्यावरून काढली, नीट घडी केली, फाटकाच्या गजावर ठेवली आणि उघड्या अंगाने उतारावरून निघून गेला.

"गद्दार," मागून कोणीतरी म्हणालं.

"कोण बोललं ते?" रोझिल्दा केव्हा बाहेर आली होती झोराइदेला कळलं नव्हतं. ती पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होती, डोळे सुजलेले. "पुढे येऊन बोल. माझ्या भावाला काय बोलायचं ते मी बोलेन, सगळं बोलून झालेलं नाहीये माझं. तू कोण? गुडघा मोडला तेव्हा तू कुठे होतास?"

कोणी पुढे आलं नाही. रेडिओच्या निवेदकाने आपला माईक खाली केला. लोक दोघे-दोघे, तिघे-तिघे करून पांगले. फटाक्यांचे लाल कागद रस्त्यावर पसरले होते, आणि रोझिल्दाने रंगवलेल्या भिंतीवर लिंदोमारचं नाव हिरव्या-पिवळ्या अक्षरांत अजून ओलं होतं.

ते आत आले तेव्हा आल्तामीरो उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात छोटी बॅग. वाल्मीर गाडीची किल्ली घेऊन दाराशी.

"मी वाल्मीरकडे जातोय," ते झोराइदेला म्हणाले. लिंदोमारकडे त्यांनी बघितलं नाही. "हा इथे असेपर्यंत मला इथे जेवण जाणार नाही."

झोराइदेला काही क्षण अर्थच लागला नाही. तिचं लग्न झालं तेव्हापासून ते तिच्याकडे होते. वाल्मीरच्या घराची पायरी त्यांनी आजवर चढली नव्हती. ज्या मुलाने नातवाला पळवून नेलं म्हणून बोलत नव्हते, त्याच्याकडे आता त्या नातवाला सोडून निघाले होते.

"बाबा, बसा आधी. पाकू केलाय तुमच्या आवडीचा."

"माझ्या वाटचा दे बांधून."

तिने एरवी त्यांचे पाय धरले असते. रडली असती, लेकाला त्यांची माफी मागायला लावली असती. आज तिने स्वयंपाकघरात जाऊन माशाचा चांगला मधला तुकडा काढला, भात घातला, केळं घालून परतलेलं पीठ वेगळ्या वाटीत ठेवलं, सगळं कापडात बांधलं आणि आणून त्यांच्या हातात दिलं.

"वाल्मीरकडे मीठ जास्त घालतात," ती म्हणाली. "सांगत जा त्यांना. रक्तदाब आहे तुम्हाला."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिने अडवलं नाही याचाच त्यांना सगळ्यात मोठा धक्का बसला होता, हे तिला स्पष्ट दिसलं. मग ते वळले आणि वाल्मीरने त्यांच्या कोपराला हात दिला. म्हाताऱ्याने तो झिडकारला नाही. गाडीचा आवाज उतारावर विरून गेला.

चाळीस माणसांचा स्वयंपाक तसाच होता. तिघं टेबलाशी बसली. लिंदोमारने ताटातल्या भाताकडे पाहिलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो आवाज न करता रडत होता, लहानपणी रडायचा तसा, तोंड मिटून. रोझिल्दा थोडा वेळ बघत राहिली, मग तिने त्याच्या ताटातले काटे काढायला सुरुवात केली.

"मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे," ती म्हणाली. "हे धरून चाल."

"हो ताई."

झोराइदे म्हणाली, "तुझा फोन दे. मिलेनाचा नंबर लावून दे."

"आत्ता? तू काय बोलणार तिच्याशी? तुला तिचं कळत नाही, तिला तुझं."

"लावून दे."

आजवर सुनेशी तिचं बोलणं झालं होतं ते वाढदिवसाला, लिंदोमारला मध्ये बसवून. पडद्यावर मिलेनाचा चेहरा आला, मागे दिवा लागलेलं स्वयंपाकघर. तिने आधी झोराइदेला पाहिलं आणि तिचा रंग उडाला. काय झालं असेल ते तिने आपल्या मनात जुळवलं असणार. झोराइदेने एक हात वर केला, घाबरू नको अशा अर्थाचा. मग आपल्याला येत असलेले तिच्या भाषेतले शब्द तिने एकेक करून बाहेर काढले. "तो आहे. ठीक. येतो. घरी."

'घरी' हा शब्द तोंडून गेल्यावर तिच्याच कानाला लागला; घर म्हणजे आता तिथलं. पण तिने तो परत घेतला नाही.

मिलेनाने तोंडावर हात ठेवला. तिच्या कोपराखालून नातीचं, योआनाचं डोकं वर आलं, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. लिंदोमारने तिला इकडची भाषा शिकवली होती, तुटकतुटक.

"आजी," ती म्हणाली, "बाबा जिंकला?"

झोराइदेने टेबलापलीकडे पाहिलं. लिंदोमारने डोळे पुसले होते आणि तो बहिणीने पुढे सरकवलेला घास तोंडात घालत होता.

"आज सामना नव्हता गं राणी," ती म्हणाली. "जेवतोय तो. जेवू दे."